बत्तीस प्रोसेसर, एक काटा

‘मोठ्या सर्व्हरवर लिनक्स चालेल का हो?’ हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. विचारणारा बहुधा चाकण-भोसरीकडच्या एखाद्या कारखान्याचा अकाउंट्सवाला असतो आणि त्याला उत्तर हो किंवा नाही एवढंच हवं असतं. पुण्यातला दाखला द्यायला सोपा आहे. 2003मध्ये जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत आलेला सी-डॅकचा ‘परम पद्म’ आयबीएमच्या एआयएक्सवर चालायचा. 2007च्या नोव्हेंबरात त्याच यादीत चौथा आलेला टाटांचा ‘एका’ लिनक्सवर होता. आता तर त्या यादीतली पाचशेच्या पाचशे यंत्रं लिनक्सवर आहेत.

हे ऐकून समोरच्याचं समाधान होतं. माझं होत नाही. ‘एका’ म्हणजे जाळ्यानं जोडलेली शेकडो लहान यंत्रं, प्रत्येकाचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, वेगळा. कारखान्याचा डेटाबेस सर्व्हर म्हणजे एकाच पेटीत बत्तीस-चौसष्ट प्रोसेसर, सगळ्यांची मेमरी सामायिक आणि कर्नल एकच. अवघड परीक्षा ही आहे.

पुण्याचं मार्केट यार्ड घ्या. तिथं पहाटे गाळ्यावर हमाल कितीही येवोत, वजनकाटा एकच असेल तर रांग लागणारच. 1996च्या लिनक्स 2.0मध्ये नेमकं हेच होतं. प्रोसेसर कितीही असले तरी कर्नलच्या आत एका वेळी एकालाच प्रवेश, कारण सगळ्यावर मिळून एकच ‘बिग कर्नल लॉक’. दोन प्रोसेसरला ते चालून जायचं, चाराला खपवून घ्यायचो. त्यापुढचे पैसे पाण्यात. त्या काळात सोलारिस-एआयएक्सवाले नाक मुरडायचे ते उगाच नाही.

पुढं त्या एका लॉकचे तुकडे करत करत अनेक बारीक लॉक झाले. 2003च्या डिसेंबरात 2.6 आला, त्यात शेड्यूलर नवा होता. त्याच सुमारास आरसीयू नावाची युक्तीही कर्नलमध्ये आली, ती मला आजही सगळ्यात देखणी वाटते. वाचणाऱ्यानं लॉक घ्यायचाच नाही. बदल करणाऱ्यानं नवी प्रत तयार करायची आणि जुनी, तिचा शेवटचा वाचक निघून गेल्यावरच टाकायची. ही युक्ती सीक्वेंट कंपनीची. तिचा धंदाच मोठ्या मल्टिप्रोसेसर यंत्रांचा होता. आयबीएमनं ती विकत घेतली आणि तिथून हे ज्ञान लिनक्समध्ये उतरलं. तो मूळ लॉक मात्र पूर्ण निघायला 2011चा मे उजाडला.

म्हणून क्षमतेबद्दलचा वाद माझ्यापुरता संपला आहे. एसएपीच्या गिऱ्हाइकांचा तर एसएपीनंच संपवला. हाना डेटाबेस फक्त लिनक्सवर चालतो आणि त्याला मोठ्या मेमरीचीच यंत्रं लागतात.

उरतो तो सांभाळण्याचा प्रश्न. 1 जुलै 2012, रविवार, पहाटे साडेपाच. जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला आणि कितीतरी लिनक्स सर्व्हरवर जावा आणि मायएसक्यूएलनं प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेले. एका गिऱ्हाइकाकडं मीही ते पाहिलं. टॉप कमांडमध्ये सगळं लालभडक आणि काम मात्र रविवारच्या पहाटेचं, म्हणजे जवळजवळ शून्य. कर्नलनं घड्याळ एक सेकंद मागं घेतलं, पण टायमरच्या हिशेबाला ते कळवलंच नव्हतं. त्यामुळं सेकंदाच्या आत उठायचं म्हणून झोपलेलं प्रत्येक काम तत्क्षणी जागं व्हायचं, पुन्हा झोपायचं, पुन्हा जागं. उपाय ओळीभराचा: घड्याळाला त्याचीच वेळ नव्यानं सांगायची. चूक कुठल्या फंक्शनमध्ये आहे यावर तोवर उघड चर्चा सुरू झाली होती आणि ती कुणालाही वाचता येत होती. बंद प्रणालीत माझ्या हातात फक्त तक्रारीचा क्रमांक असता.

अर्थात वाचता येणारा माणूस पदरी असला तर! न्युमाचंच घ्या. प्रत्येक प्रोसेसरला काही मेमरी जवळची, काही लांबची. जवळची भरली की लांबची वापरण्याऐवजी जवळचीच रिकामी करायची, असा हट्ट जुने कर्नल काही मोठ्या यंत्रांवर आपणहून धरायचे आणि डेटाबेसनं जमवलेला कॅश उधळून टाकायचे. 2014 साली 3.16मध्ये हे सेटिंग मुळातच बंद झालं. जुना कर्नल दिसला की मी आजही आधी तेच तपासतो.

पैशाचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. ओरॅकलच्या लायसन्स तक्त्यात इंटेलचा कोअर अर्धा धरतात, आयबीएम पॉवरचा पूर्ण एक. लिनक्सवर आल्यानं वाचतं ते बहुधा इथं, ओएसच्या किमतीत नाही. आणि पॉवरचा एक कोअर किती काम उपसतो हे मोजल्याशिवाय तेही सांगू नये. फुकटाचंही तसंच. सेंटओएस 8 हा फुकटातला लिनक्स 2029पर्यंत चालेल असं धरून बसलेल्यांना 2020च्या डिसेंबरात कळलं की मुदत पुढच्याच वर्षाअखेर संपणार.

म्हणून अकाउंट्सवाल्याला मी हो म्हणतो आणि त्याच्या कोटेशनमध्ये दोन ओळी वाढवतो: सपोर्टची वर्गणी आणि एका जाणत्या अ‍ॅडमिनचा पगार. वर्गणी मंजूर होते. पगारावर अजून घासाघीस चालू आहे.