कच्च्या मातीची बरकत

आमच्याकडे उंद्रीत एका मोबाइलच्या दुकानात गल्ल्याशेजारी सोनेरी मांजर बसलेली असते. प्लास्टिकची, सेलवर चालणारी. दिवसभर एक पंजा हलवून गिऱ्हाईक बोलावते. बाहेर मांजर आडवी गेली की गाडीवाला पाय टेकून थांबतो, आणि आत तिच्यासमोर उदबत्ती! कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. पंजाही ती आपल्यासारखाच, तळवा खाली करून हलवते. पाश्चात्त्यांना म्हणे ती निरोप देतेय असं वाटतं. आपल्याला ती सरळ ‘या, या’ म्हणते.

ही जपानची मानेकी-नेको. एकोणिसाव्या शतकातल्या एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, ती पुढे आली, तेव्हा मातीची होती. उजवा पंजा वर असला तर पैसा येतो, डावा असला तर माणसं. तोकोनामे या जुन्या कुंभारगावात अशा मांजरी आजही भाजल्या जातात. शिगाराकी या दुसऱ्या कुंभारगावात मान मात्र तानुकीचा. कोल्ह्या-कुत्र्याच्या गोतातला हा प्राणी तिथे मातीत उभा राहतो तो डोक्यावर टोपी, हातात दारूची बुधली, दुसऱ्या हातात उधारीची वही आणि पुढे सुटलेलं पोट, अशा थाटात. १९५१ साली सम्राट हिरोहितो शिगाराकीला आले, तेव्हा गावाने त्यांच्या स्वागताला या तानुकींच्या हाती झेंडे देऊन रांगच उभी केली. राजासमोर बुधलीवाला उभा करायला जिगर लागते, मला तो गाव तेवढ्यावरच आवडून गेला.

आमच्या बरकतीला ना झिलई, ना भट्टी. पोळा जवळ आला की वावरातली काळी माती घरी येते. आई ती भिजवते आणि मळताना त्यात पिंजलेला कापूस घालते. नाहीतर उन्हाळ्यात वावराला पडतात तशा भेगा बैलाच्या पाठीला पडतात. धड पटकन जमतं. खरी परीक्षा वशिंडाची आणि शिंगांची. शिंग ओढून लांब करावं तर वाळताना आधी तेच तुटतं, म्हणून आत पऱ्हाटीची बारीक काडी. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. गोठ्यातला खरा बैल गेला आणि दारात ट्रॅक्टर आला, तरी पाटावर ही जोडी लागतेच, आणि पुरणपोळीचा पहिला मान तिचाच. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते, तीही अशीच मातीची, भुलोजीच्या शेजारी. महिनाभर पोरींची गाणी ऐकते आणि कोजागिरीला पाण्यात जाते.

जपान्यांनी नशीब भाजून फळीवर ठेवलं, आपण ते विरघळू दिलं, असं म्हणायचा मोह होतो. पण क्योटोतल्या फुशिमीची गोष्ट आडवी येते. तिथल्या इनारी देवस्थानाच्या डोंगरावरची माती पिकाला लाभते अशी शेतकऱ्यांची श्रद्धा होती. त्या मातीच्या बाहुल्या घरी नेत आणि चुरा करून शेतात टाकत, असं सांगतात. म्हणजे मातीतून निघालेलं मातीत, तिथेही.

आमच्या जिल्ह्यात तर मातीला थेट विचारतातच. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, भोवताली अठरा धान्यं. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं यावरून पाऊस, दाणे कसे हलले यावरून पीक. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी यावर बोट ठेवलंय, ते बरोबरच आहे. पेरणी हवामान बघूनच करावी. तरीही पावसाची बातमी ढेकळाला विचारणाऱ्या माणसाची मला गंमत वाटते. निदान त्याने विचारलं तरी ज्याला भिजायचं आहे त्यालाच.

आता पोळ्याच्या बाजारात प्लास्टरचे बैल येतात. शिंगं सरळ, डोळे ऑइलपेंटचे, दोन्ही बैल एकाच साच्यातले. गेल्या पोळ्यानंतर शेजाऱ्यांनी असली जोडी बादलीत बुडवली. दुसऱ्या दिवशी पाण्याला जेमतेम रंग उतरलेला, बैल होते तसेच. मी विकणाऱ्या पोराला तेच सांगितलं, तर तो हसला.

“बुडवता कायले, भाऊ? ठेवा ना शोकेसात. पुढच्या पोयाले रंग मारला का नवीच जोडी!”