दोन बोटं आणि कासचा रस्ता

१८ सप्टेंबर
मावशीचा प्रश्न अजून तोच : "बॅटरीची खुर्ची घेतलीस, आता हातांना व्यायाम कसला?" तिची काळजी खरी आहे. पण माझ्या स्नायूंच्या आजारात दंड केव्हाच थकले. हाताने चाकं फिरवत कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले, की रात्री भाकरी मोडताना बोटं थरथरायची. आता जॉयस्टिकला दोन बोटं पुरतात. बाकीची ताकद दिवसभर माझ्याजवळ राहते. याला हार म्हणणं मला मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विजेवरची खुर्ची घडवली, ती हातपाय लुळे पडलेल्या सैनिकांना कुणी न ढकलता फिरता यावं म्हणून. कुठे थांबायचं हे आपलं आपण ठरवायचं, यासाठीच तर ती आहे.

२१ सप्टेंबर
कासचं पठार ठरलं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि आजवर पाहिलं ते गाडीच्या काचेतून.

खरी अडचण टेम्पोत चढवण्याची. खुर्ची बॅटऱ्यांसकट ऐंशी किलोच्या घरात. मदतीला येणारे हात घालतात नेमका आर्मरेस्टला, आणि तो निघून येतो. फळी लावावी, तर उताराचं माप एकास बारा : फूटभर चढायला बारा फूट लांबी. आमच्या 'छोटा हत्ती' टेम्पोचा हौदा दोन फुटांच्या वर, म्हणजे चोवीस फुटांहून लांब फळी! दादाने तोड काढली. म्हशी चढवताना करतात तसा टेम्पो मागे घेत बांधाला भिडवायचा. मग हौदा नि बांध यांत वीतभर फट उरते, तिला आखूड फळीही चालते. मी पुढे बसणार, खुर्ची मागे दोरांनी बांधून.

२५ सप्टेंबर
आठवड्याचा मधला दिवस, त्यामुळे गर्दी बेताची. यवतेश्वरचा घाट चढलो तेव्हा धुकं होतं. जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड. पाणी आत गेलं की सगळं बंद.

पठारावरून डांबरी रस्ता जातो, तिथे खुर्ची उतरवली. दादाला म्हटलं, तू टेम्पोत थांब. तो थांबला, त्याला ते जड गेलं, हे मला दिसत होतं.

मग मी निघाले. जिथे वाटलं तिथे थांबले, मागे वळले, पुन्हा तिथेच गेले. एका तेरड्यापाशी किती वेळ होते, कोण जाणे. सड्यात आत शिरले नाही. जांभ्यावर माती बोटभर, तिच्यावर ही चाकं घालणं बरं नव्हे. दुर्बीण होती. सीतेची आसवं ही फुलं दिसली, जांभळी, ओल्या जागी दाटीवाटीने. एवढीशी नाजूक, पण झाडाच्या तळाशी बारीक पिशव्या असतात. त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव खेचले जातात. या मातीत नत्र कमी, म्हणून झाडाने काढलेली ही वाट. मला ते झाड फार आवडलं.

परतताना चढावर दोन पोरं धावत आली, ढकलायला. त्यांना समजावलं : मोटरीचा ब्रेक आपोआप लागतो, क्लच सोडल्याशिवाय खुर्ची हलत नाही, आणि उतारावर क्लच सोडला तर ती थेट दरीकडे धावेल. त्यांनी चाकाजवळचा खटका वाकून पाहिला. मग चढ संपेपर्यंत दोघं माझ्या बाजूने गप्पा मारत चालली, हात न लावता. अशी सोबत मला हवीच असते.

२६ सप्टेंबर
रात्रभर चार्जिंगला लावली होती. चढामुळे बॅटरी सपाटीपेक्षा बरीच जास्त उतरली. पुढच्या वेळी हिशेब त्याप्रमाणे.

दुपारी बामणोलीला फोन केला. तिथून कोयनेच्या जलाशयात लाँचने जाता येतं. लाँचवाल्यांना विचारलं, काठावरून टाकता ती फळी किती रुंद? म्हणाले, "ताई, मोजून सांगतो. तुमची खुर्ची किती?" मी सांगितलं, पंचवीस इंच.