मावशीचे परस, काकांचे अंजीर

पुण्याहून निघालेली एस. टी. हडपसर मागे टाकून दिवे घाट चढू लागली, की खाली मस्तानी तलाव दिसतो आणि वर गेल्यावर पुरंदरचा मुलूख सुरू होतो. पाऊस इकडे बेताचाच. पण निचऱ्याची जमीन आणि कोरडी हवा अंजिराला मानवली, म्हणून सासवडच्या आसपास गावोगाव अंजिराच्या बागा उभ्या राहिल्या. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळाले. सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन घेऊन पुढे जेजुरीला जाणारे पुष्कळ. आमची वाट मात्र सासवडच्या अलीकडेच मावशीच्या वस्तीकडे फुटते.

मावशीचे परस पाहावे ते फाल्गुनात. रान सगळे पिवळे पडलेले असते आणि हिच्या न्हाणीमागचा पांगारा लालभडक पेटलेला असतो. अंगावर पान नाही, नुसती फुले. सकाळी सातला त्याच्याखाली उभे राहावे. साळुंक्या भांडतात, बुलबुल शेपटीखालचा तांबडा ठिपका मिरवत उड्या मारतात, कोतवाल मध पिता पिता दुसऱ्याला हुसकतो, आणि या गलक्यात अंगठ्याएवढा शिंजीर आपली बाकदार चोच फुलात घालून मोकळा होतो. बांधावर काटेसावर आहे, तिथेही हीच जत्रा.

या फुलांना वास जवळजवळ नाही. पाखराला वासाचे फारसे पडलेले नसते. लाल रंग मात्र त्याला लांबून दिसतो. आत मध भरपूर. तो पिताना पराग डोक्याला माखतो आणि पुढच्या झाडाला पोचतो. डॉ. सालीम अलींनी फुला-पाखरांच्या या नात्यावर फार पूर्वी लिहून ठेवले आहे. मावशीने ते वाचलेले नाही. ती म्हणते, "पांगारा मध पाजतो, म्हणून पाखरं त्याच्या पोरांची सोयरीक जुळवतात."

पांगाऱ्याला खर्च काही नाही. पावसाच्या तोंडाला मनगटाएवढा खुंट पुरला की तो फुटतो. जास्वंद घ्यायची तर एकेरी पाकळीची, गावठी. गेंद्यासारखी दुहेरी दिसायला छान, पण तिच्या दाटीत शिंजिराला मधापर्यंत पोचता येत नाही. कढीपत्ता छाटून छाटून खुजा न ठेवता एक झाड वाढू द्यावे. पावसाळ्यात त्याला काळी फळे धरतात आणि बुलबुल ती खाऊन बी परसभर टाकतात. मावशीने शेजारणींना दिलेली कढीपत्त्याची रोपे सगळी बुलबुलांनीच लावलेली. तुतीही आहे. तुती, उंबर, वड, पिंपळ ही सगळी अंजिराचीच भावकी, म्हणून पाखरांना एकाची चटक लागली की दुसरे परके वाटत नाही. घाणेरीची फळे पाखरांना आवडतात, तरी मावशी तिला दारात उभी करत नाही. ती परदेशातून आलेली आणि बी पाखरांनी नेले की डोंगर गिळणारी. पाहुण्यांना आवडते म्हणून घरात काहीही रांधायचे नसते, असे तिचे म्हणणे.

पाण्यासाठी एक उथळ परळ, त्यात पाय टेकायला खडबडीत दगड. पाणी रोज बदलायचे, नाहीतर डास होतात. आणि परळ झुडपाला चिकटून ठेवायचा नाही, मांजर दबा धरून बसते.

आता काकांची बाजू. अंजीर झाडावरच पिकावे लागते. कच्चे काढले तर आंब्यासारखे आढीत पिकत नाही. म्हणजे फळ मऊ, गोड होण्याची वाट जशी शेतकरी पाहतो तशीच पाखरेही पाहतात, आणि पाखरे लवकर उठतात. चोच लागलेल्या फळावर गांधीलमाश्या, मुंग्या येतात. ते बाजारात जात नाही. मिठा बहार नेमका उन्हाळ्याच्या तोंडी, पांगारा गर्दी जमवतो तेव्हाच. काका म्हणत, "आवतण हिचं आणि पंगत माझ्या बागेत." मला यात काका चुकले असे कधी वाटले नाही. मावशीचे उत्तर असे, की हीच पाखरे पिलांना अळ्या-किडे भरवतात, चिंचेच्या ढोलीतला पिंगळा उंदीर खातो, कोतवाल बैलाच्या मागे मागे किडे टिपत फिरतो. तेही खरे. पण किड्यांचा हिशेब वहीत मांडता येत नाही, फुटलेल्या अंजिराचा येतो.

शेवटी काकांनी नायलॉनची जाळी आणली आणि झाडांवर नुसती टाकली. सैल, जमिनीवर लोळणारी. चौथ्या दिवशी सकाळी तीत दोन बुलबुल मेलेले सापडले आणि खाली एक धामण, अंगात दोरे रुतलेली. धामण बिनविषारी, उंदरांची काळ. काका स्वतः तिला कधी मारू देत नाहीत. कात्रीने दोरे कापेपर्यंत ती गेली. मावशी त्या दिवशी जेवली नाही, आणि काकाही ताटावरून उठले.

जाळी काढून टाकली नाही. टाकणे परवडणारे नव्हते. बांबूचा मांडव केला, बारीक भोकांची जाळी खंजिरीच्या कातड्यासारखी ताणून बांधली आणि खालची कड जमिनीपासून वर उचलून घेतली. ताणलेल्या जाळीवर पाखरू आपटून परत फिरते, गुंतत नाही. तोडा चालू असेल तेवढेच आठवडे ती वर, मग गुंडाळून माळ्यावर. विहिरीकडची दोन झाडे उघडी. त्या दोन झाडांचे किती पैसे झाले असते, हे काका दर वर्षी मावशीला ऐकवतात, पाहुण्यांसमोर तर हमखास. मावशी ऐकून घेते आणि चहा टाकते.

मी गेले होते तेव्हा तोडा चालू होता. पहाटे काकाच बॅटरी घेऊन मांडवाभोवती फिरून आले. हातात करंडी, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात कात्री.