शहाबादी

गावाकडच्या आमच्या घरात ओसरी, सोपा, माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर मिळून सुमारे 1100 चौरस फूट शहाबादी फरशी आहे. आजोबांनी ती 1966 साली आणली. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात. रेल्वेनं गुलबर्ग्याच्या पुढं गेलं की शहाबाद लागतं. फरशी वाघिणीतून अक्कलकोट रोड स्टेशनला उतरली आणि तिथून बैलगाड्यांनी गावात आली. गाडीत फरश्या आडव्या न टाकता उभ्या लावल्या होत्या आणि दोन-दोनच्या मधे कडबा भरला होता, हे आजोबा मरेपर्यंत सांगत. एकच फुटली म्हणे. तिचे तुकडे न्हाणीत बसवले.

आई दर दिवाळीला या फरशीवर करडईच्या तेलाचा बोळा फिरवायची. दगडाचा निळसर-राखाडी रंग तेवढ्यापुरता असा उठायचा, की नुकताच पाऊस पडून गेलाय असं वाटावं. पण तेलावर धूळ बसते, धुळीवर पुढच्या वर्षीचं तेल. पन्नास वर्षांत सोपा काळपट झाला होता.

2017 च्या मे महिन्यात पुतणीचं लग्न घरासमोरच ठरलं. भाऊ म्हणाला, ही फरशी काढून टाइल्स टाकू. आईचा चेहरा उतरला. मी शहाणपणा केला. सोलापुरातल्या एका दुकानात गेलो आणि ‘दगड चमकवायला काहीतरी द्या’ म्हणालो. माझं चुकलं ते तिथंच. दगड राखायला काय लागतं, हे मी विचारलंच नाही. दुकानदारानं पारदर्शक लॅकरचे डबे दिले. रंगाऱ्यानं दोन हात मारले. पाहुणे म्हणाले, “काय आरसा केलाय हो!” मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

आई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “आरं, ह्यावर पाय टिकंना की रं.” मी म्हणालो, होईल सवय.

श्रावणात ती पाण्याची कळशी घेऊन सोप्यात घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण त्या हातात भाकरी थापायचा जोर परत आला नाही. साठ वर्षं भाकरी थापलेली बाई, सुनेच्या हातची भाकरी खाताना नुसती परातीकडं बघत बसायची. शेजारणींना सांगायची, “माजाच पाय घसरला.” लॅकरचं नाव तिनं एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्याच पावसाळ्यात फरशीवर पांढरे डाग उठले, मग पापुद्रे. गावातला एक म्हातारा गवंडी येऊन नखानं ते खरवडत म्हणाला, “खाली मुरूम आन् चुना हाय. ओल वर येनार. तुमी तिचं तोंडच बांधलं.” एवढ्या तीन वाक्यांत सगळं आलं. जुन्या घरांच्या फरशीखाली ओल अडवणारं काही नसतं. जमिनीची ओल दगडातून वर येते आणि उडून जाते. वर पातळ कातडं बसवलं की ती त्याखाली कोंडते आणि कातडं सोडवते. ओल बाहेर जाऊ द्यायची असेल तर वर थर न धरणारा, दगडात मुरणारा सीलर हवा. तो दगडाच्या बारीक छिद्रांत आतून बसतो, पाणी आणि तेल चटकन शोषू देत नाही, पण वाफ जाऊ देतो. चमक येत नाही आणि दगडाची मूळची खरबरीत पकडही जात नाही. मला आता तेवढंच हवं होतं.

आधी लॅकर काढायचं होतं. एक कामगार ॲसिडचा कॅन घेऊनच आला. मी त्याला गोठ्यातल्या सुट्या फरशीवर थेंब टाकायला लावला. फस्सकन फेस आला आणि फरशीवर पांढरट खड्डा पडला. शहाबादी हा चुनखडीचा दगड, आंबट त्याला चालतच नाही. मग रंग काढायचं रिमूव्हर आणून, दारं-खिडक्या उघड्या टाकून, काथ्याच्या ब्रशानं घासत सहा दिवस गेले. शेवटी साध्या सौम्य साबणानं धुतलं.

2018 चा एप्रिल, सोलापूरकडचं ऊन. तरी मी घाई केली नाही. प्लॅस्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर फरशीवर ठेवायचो. सकाळी खाली दव धरलेलं दिसलं की अजून थांबायचं. देवघराचा कोपरा सगळ्यात शेवटी, आठव्या दिवशी कोरडा निघाला.

सीलरमधे दोन प्रकार होते. एकानं दगड कायमचा ओला असल्यासारखा गडद दिसतो, दुसऱ्यानं रंग आहे तसाच राहतो. दोन्ही कोठीच्या खोलीत एकेका फरशीवर लावून आईला दाखवले. मला वाटलं, दिवाळीच्या तेलासारखा गडद तिला आवडेल. ती म्हणाली, “वली फरशी दिसली की मला भ्या वाटतंय.” मी दुसरा घेतला.

डाग मात्र सीलरच्या आधीच काढावे लागतात, मागाहून ते आतच राहतात. खडूची पूड आणि थिनर कालवून त्याचा लेप तेलकट डागांवर लावला, प्लॅस्टिकनं झाकला, दुसऱ्या दिवशी उचलला. लेप तेल ओढून घेतो. बरेचसे डाग फिकट झाले. खांबापाशी वडील टेकून बसायचे, तिथं त्यांच्या तेलमालिशचा मोठा काळा डाग होता. लेप घेऊन तिथं गेलो तर आई म्हणाली, “त्यो ऱ्हाऊ दे.”

चूल, गॅस बंद ठेवून आतल्या खोलीपासून दाराकडं येत लावत गेलो. फडक्यानं भिजवायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं वाळायच्या आत कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. पुसायचं राहिलं तिथं दुधी झाक उरते. ओसरीच्या टोकाला अजून आहे. भाऊ जेवायला हाक मारत होता. पहिल्या हाताला बारा लिटर गेलं, दुसऱ्याला सात. एक दिवस कुणाला आत येऊ दिलं नाही. मग पाण्याचा थेंब टाकून बघितला. तो मोत्यासारखा वर बसून राहिला. आईनं अनवाणी पाय टेकून, दाबून बघितला. “आता धरतंय,” म्हणाली. तरी सोप्यातून जाताना ती अजून भिंतीला हात लावूनच जाते.

सीलर लावला तरी आंबटानं दगड खातोच, हे तिला सांगून ठेवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात गावाकडं गेलो तर स्वयंपाकघरात भिंतीपाशी एक पाट मांडलेला. कुणी त्यावर बसेना, कुणी उचलेना. मी उचलला. खाली चिंचेच्या कोळाचा पांढरा ओघळ.

“दिसला व्हय?” आई चुलीपासून म्हणाली. “ठेव तितंच पाट.”