विमानप्रवास आणि पर्यावरण : वर्गातला एक प्रश्न



'प्रदूषण' या विषयावर निबंध दिला की मुलं गाड्यांचा धूर, प्लास्टिक, कारखाने लिहितात. विमान कुणीच लिहीत नाही. म्हणून यंदा चौथीच्या वर्गात मी ते मुद्दाम फळ्यावर लिहिलं. विमानाचं 1 किलो इंधन जळलं की साधारण 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. "एका किलोचे तीन किलो कसे, बाई?" असं लगेच विचारलं गेलं. इंधनातल्या कार्बनशी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, त्याचं वजन वाढतं, हे सांगितल्यावर पटलं.

पण अवघड प्रश्न मागच्या बाकावरून आला. "बाई, मग आम्ही विमानात कधीच बसायचं नाही का?"

माटुंगा लेबर कॅम्पमधून येणारी ही मुलं. वर्गातलं एकही मूल अजून विमानात बसलेलं नाही. पर्यावरणासाठी विमान सोडा, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? सोडायला आधी ते हातात तर असायला हवं! मी म्हटलं, "बसायचं की! पण जिथे रेल्वे जाते, तिथे आधी रेल्वे बघायची." माझ्या मते हे सांगणं मुलांपेक्षा वर्षातून चार-पाच वेळा उडणाऱ्या मोठ्या माणसांना जास्त लागू आहे.

आमचंच उदाहरण घ्या. सासर कुडाळजवळ. 9 ऑक्टोबर 2021 ला चिपी विमानतळ सुरू झाला, मुंबईहून विमान उतरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तासाभरात पोचतात म्हणे!" हवेत तासभर, कबूल. पण आधी विमानतळ गाठणं, तपासणी, सामानाची वाट बघणं, चिपीहून पुढे गाडी करणं, हे कोण मोजतं? आम्ही माटुंग्याहून एक स्टेशन दादरला जातो, मध्यरात्री तुतारी एक्सप्रेस पकडतो, झोप काढतो आणि सकाळी कुडाळला उतरतो. 2022 मध्ये कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेवर आला. वीज कोळशापासूनही बनते हे खरं, तरी माणशी हिशेब केला तर रेल्वे कितीतरी स्वच्छ. त्यात जवळच्या प्रवासाला विमान जास्तच बाधतं, कारण उडताना आणि वर चढताना इंधन सगळ्यात जोरात जळतं. फ्रान्सने तर 2023 मध्ये, रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं अशा काही मार्गांवरची विमानं बंदच केली.

लांबच्या प्रवासाला मात्र विमानाशिवाय इलाज नाही. तिथे इंधनच बदलावं लागेल. 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून तयार केलेलं शाश्वत इंधन मिसळलं होतं. अभिमान वाटला, पण प्रमाण अगदी थोडं. आपल्या देशाचं 2027 चं लक्ष्यसुद्धा आंतरराष्ट्रीय विमानांसाठी 1 टक्काच आहे. तेवढ्यावर निश्चिंत बसता येणार नाही.

आणि 'रेल्वेने जा' म्हणायचं तर रेल्वेत जागा नको का? गणपतीच्या दिवसांतलं कोकणचं आरक्षण मिनिटांत संपतं. मग ज्याला परवडतं तो विमानाकडे वळतो, बाकीचे एसटीकडे. आता आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. आमच्या घरी ठरलंय, त्या दिवशी एका मोबाईलवर मी, दुसऱ्यावर नवरा, आणि चहा सासूबाई करणार.