शिकवायला आलेले विद्यार्थी

मिशनरी म्हटले की आपल्यासमोर दोनच चित्रे उभी केली जातात. एक, दीनदुबळ्यांची सेवा करणाऱ्या देवमाणसाचे. दुसरे, भोळ्याभाबड्यांना फसवून बाटवणाऱ्या परकीयाचे. मी नवापूर तालुक्यातील मावची बोलणाऱ्या घरातला. आमच्या भाऊबंदांत काही घरे याहामोगी मातेला मानणारी, तर काही दर रविवारी चर्चला जाणारी. आमचे घर पहिल्यांतले, काकांचे दुसऱ्यांतले. मधे एक कुडाचे कुंपण, आणि भात कापणीला दोन्ही घरची माणसे एकाच शेतात. त्यामुळे वरची दोन्ही चित्रे मला अपुरी वाटतात. त्यांत मिशनरीच तेवढा दिसतो. आम्ही कुठेच दिसत नाही.

महाराष्ट्रात हे काम तसे जुने आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोसे होते. त्यांना परत धाडण्याचे घाटत होते. हॉल राहिला, मराठी शिकला, आणि १८२६ साली फिरतीवर असताना पटकीने वारला. आमच्या डोंगरांपर्यंत ही मंडळी पोचली ती बरीच उशिरा. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सनने १८९० साली शिकागोत 'स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन' स्थापन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची आणि स्वीडिश मिशनची माणसे पश्चिम खानदेशात आली. आज ज्याला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो तो १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्या काळी हा सारा खानदेशच. त्यांच्या कामातली आमच्या लोकांना सर्वांत जवळची खूण म्हणजे चिंचपाड्याचा दवाखाना. तो १९४२ साली सुरू झाला आणि आजही चालू आहे. तिथे औषध घ्यायला जाताना कुणी आपला देव घरी ठेवून जात नाही.

परंतु मला विशेष वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. प्रचारक म्हणजे शिकवायला आलेला माणूस. पण इथे आल्यावर त्याला आधी स्वतःच विद्यार्थी व्हावे लागले. मराठी शिकून भागेना, कारण आमच्या आजीच्या पिढीला मराठीही परकीच होती. आमची बोली कागदावर आली त्याचीही कथा गमतीची आहे. ग्रिअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ साली निघाला. त्यात मावचीचाही नमुना आहे. काम सरकारी; तरी सगळ्या बोलींच्या नमुन्यासाठी जी गोष्ट निवडली ती बायबलातली, उधळ्या पुत्राची. आज तर मावचीत छापलेला नवा करारच आहे. काकांच्या घरून तो आणून मी ती गोष्ट आजीला वाचून दाखवली. धर्माचे तिला काही वाटले नाही. एवढेच म्हणाली, "बापाने जिवंतपणी वाटणी का करून दिली?" पुस्तकातले कुणी आपल्यासारखे बोलते हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले होते.

आता आमच्या शाळेचे सांगतो. पहिलीत असताना वर्गात मावची शब्द तोंडून गेला की हसे व्हायचे, कधी छडीही बसायची. 'पाणी' हा शब्द आठवेपर्यंत तहान धरून बसलेली मुले मी पाहिली आहेत. आम्हांला शिकवायला येणारी माणसे दोन-चार जिल्हे ओलांडून आली होती. समुद्र ओलांडून नव्हे. तरी वर्षानुवर्षे राहूनही आमच्या बोलीतली चार वाक्ये शिकावीत असे बहुतेकांना वाटले नाही. आपल्या माणसांनी आपली बोली तुच्छ मानावी आणि परक्याने ती शिकावी, ह्याचा परिणाम काय होतो ते समजायला फार विद्वत्ता लागत नाही. चर्च कशाने वाढले, ह्याचे उत्तर शोधणाऱ्यांनी शाळेच्या व्हरांड्यातही डोकावून पाहावे.

अर्थात, बाहेरच्याने दिले आणि आदिवासींनी मुकाट घेतले, असेही समजू नये. १९२२ साली ह्या डोंगरपट्ट्यात 'देवी'ची लाट आली. लोकांनी आपण होऊन दारू सोडली, मांस सोडले, सावकाराशी वाद मांडला. पुढे तळोदे भागात गुला महाराजांनी हजारो माणसे जमवली. १९३८ साली ते वारले. म्हणजे आपण कसे जगावे, कोणाला भजावे, हा विचार आमचे पूर्वजही करत होते. काकांच्या वडिलांनी चर्चची वाट धरली तोही त्यांचा निर्णय होता, आणि माझ्या आजोबांनी धरली नाही तोही त्यांचाच. आमच्या दोन्ही घरांच्या दाखल्यावर जमात एकच आहे. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. पण धर्म बदललेल्यांची नावे यादीतून काढा, अशी मागणी आता जोराने होते आहे. ती मान्य झाली तर आमच्या कुडाच्या कुंपणाची भिंत होईल, ही आमच्या बाबांना धास्ती आहे.

अशा दिवसांत माझा चुलतभाऊ बायबल शाळेत शिकतो आहे, आणि पुढे नेपाळात जाऊन काम करण्याचे त्याचे व त्याच्या सोबत्यांचे ठरते आहे. एके काळी ज्या गावी लोक समुद्रापलीकडून येत, त्या गावचा मुलगा आता सीमा ओलांडू पाहतो. बाबा त्याला म्हणाले, "आपल्या गावातले काम संपले का रे?" काकू बोलत नाहीत, पण अलीकडे जेवत कमी. वाट सोपी नाही. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे त्याला ठाऊक आहे. मी त्याच्याशी धर्मावर वाद घातला नाही. फक्त विचारले, "तिथल्या डोंगरातल्या माणसांची बोली तुला येते का?" तो म्हणाला, "नेपाळी शिकतोय. पण त्यांची बोली नेपाळी नव्हे. ती पुढे शिकावी लागेल." मी म्हटले, "म्हणजे आपल्याला मराठी, तशी त्यांना नेपाळी." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिथल्या आजीने मला शिकवले तरच मी तिच्याशी बोलणार."

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण परदेशी साज त्यांना मानवेना. अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला तो ख्रिस्ताला इथल्या मातीतल्या माणसांत बसवण्यासाठी. माझ्या भावाने हे ध्यानात ठेवावे. तो जिथे जाईल तिथेही कुणाचे तरी देव आधीपासून नांदत असतील, कुणाचे तरी सण, कुणाची तरी गाणी असतील. ती आधी ऐकून घ्यावीत. ज्यांचा नकार येईल त्यांचा नकारही त्यांच्याच बोलीत समजून घ्यावा.

त्याने जाऊ नये असेच मला वाटते. कापणीला एक हात कमी होईल, आणि तुरुंगाचे भय आहे ते वेगळेच. पण जायचे की नाही हे तोच ठरवील. आमच्या आजोबांनाही कुणी विचारून ठरवावे लागले नव्हते. माझे म्हणाल तर, बी.ए. झाल्यावर डी.एल.एड. करून शिक्षक व्हायचा माझा विचार आहे. नेमणूक कुठे होईल ते आपल्या हाती नसते. अक्राणीच्या डोंगरात झाली तर तिथे पावरी बोलतात, आणि मला पावरी येत नाही. तेव्हा पहिले काही महिने पहिलीच्या मुलांपुढे मीच विद्यार्थी असेन, एवढे मी ठरवून ठेवले आहे.