एका सर्व्हरवरचे दप्तर

ज्या शिक्षणसंस्थेचा कारभार चिटणीस या नात्याने काही वर्षे माझ्याकडे होता, तिच्या कचेरीतील प्रत्येक संगणक भारनियमनाच्या त्या काळात जणू एक स्वतंत्र संस्थान होऊन बसला होता: एकात सेवापुस्तके, दुसऱ्यात निकालपत्रके, तिसऱ्यात पत्रव्यवहार, आणि एखादा कारकून रजेवर गेला की त्याच्या ताब्यातील दप्तर तो परत येईपर्यंत कोणाच्याही हाती लागत नसे. यंत्रे जुनी झाली होती, पण सगळीच नवी घेण्याइतकी शिल्लक खजिन्यात नव्हती. म्हणून थिन क्लायंटची, म्हणजे सगळे काम आणि दप्तर एका सर्व्हरवर ठेवून टेबलावर केवळ पडदा आणि कळफलक यांपुरते यंत्र वापरण्याची पद्धती स्वीकारावी, अशी तजवीज मी कार्यकारी मंडळापुढे मांडली.

जिम मॅकक्विलन यांनी १९९९ साली आरंभिलेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’चा आधार आम्ही घेतला. या व्यवस्थेत टेबलावरच्या यंत्राला हार्डडिस्क लागतच नाही. ते सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड सर्व्हरकडे पत्ता मागते, त्यापाठोपाठ लिनक्सचा गाभा केबलवरून त्याच्या रॅममध्ये उतरतो, आणि त्यानंतर कळफलकावर उमटलेले प्रत्येक अक्षर सर्व्हरकडे जाऊन पडद्यावरचे चित्र तेवढे परत येते. त्यामुळे जुनी, मंद झालेली यंत्रेच पुन्हा कामास आली. सर्वांनी एकाच वेळी एकच प्रोग्राम उघडला तरी त्याचा मूळ भाग सर्व्हरच्या रॅममध्ये एकदाच राहतो, ज्याच्या त्याच्या मजकुरापुरतीच वेगळी जागा लागते. ही काटकसर मला आजही फार सुंदर वाटते. शुल्काचा हिशेब मात्र विंडोजवाचून चालत नव्हता, तेवढा एक संगणक आम्ही पूर्ववत राहू दिला.

“साहेब, सर्व्हर बसला तर सगळी कचेरी बसेल,” असे आमचे मुख्य लेखनिक पहिल्याच बैठकीत म्हणाले, आणि या पद्धतीवरचा सर्वांत बिनतोड आक्षेप तोच आहे. त्याला उत्तर म्हणून दुसरा सर्व्हर, जोडीच्या डिस्का आणि यूपीएस यांची मंजुरी मी आग्रहाने मिळवली. टेबलावरचे यंत्र विजेअभावी विझले तर जतन न केलेला मजकूर जातो, हे खरे. परंतु जतन केलेले दप्तर सर्व्हरवर सुरक्षित राहते. चलच्चित्रांपुढे मात्र ही व्यवस्था थकते: १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा पूर्ण रंगीत पडदा सेकंदाला २५ वेळा जसाच्या तसा पाठवायचा, तर सुमारे ४७० मेगाबिट लागतात, आणि टेबलापर्यंतची आमची केबल होती १०० मेगाबिटांची. लेखन, नोंदी आणि पत्रव्यवहार हेच ज्या कचेरीचे मुख्य काम, तिला ही उणीव जाणवत नाही.

हा मार्ग पत्करू पाहणाऱ्या संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, यंत्रांच्या किमतीत जी बचत होईल तिच्यातून आधी दुसरा सर्व्हर आणि उत्तम केबल घ्यावी, आणि बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान न मानता तो दरमहा प्रत्यक्ष उतरवून पाहावा.